तिकडं शनिवार होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिच्यापाशी सगळं बोलते त्या मैत्रिणीला नाही. देवापुढं बसून पुटपुटलेसुद्धा नाही. त्याला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असणार — असं म्हणून दर वेळी उदबत्ती लावली आणि उठले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर एव्हाना माझं कौतुक तुमच्या कानावर आलं असतं, आणि मग माझी जीभ उचलली नसती.

कौतुक कशाचं म्हणाल? मी माझ्या आईला अग्नी दिला. दौंड तालुक्यात, खुटबावच्या पुढं आमचं गाव. तिथं याआधी कुठल्या लेकीनं दिला नव्हता. महिला दिनाला शाळेच्या पटांगणात मला बोलावलं, साडी-नारळ दिला, आणि एका बाईंनी माईकवरून सांगितलं की लेक असावी तर अशी. मी खाली बघत होते. लोकांना वाटलं, लाजतेय.

लाजत होते? शरमेनं मेले होते, असं म्हणावंसं वाटतं. पण शरमेनं मेलेली बाई साडी हातात धरून फोटोला उभी राहते होय? मी राहिले. ती साडी घडीसुद्धा न मोडता कपाटात पडून आहे.

नको, असं नको. पहिल्यापासून सांगते, नाहीतर मी अशीच भोवती भोवती फिरत बसेन.

माझं नाव सुमन. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वेची, बसची, पण जास्त करून विमानाची. रांजणगावच्या कंपन्या आल्यापासून इंजिनिअर लोक येतात, पाटण्याला जाणारी पोरं येतात — "दीदी, सस्ता वाला देखना" — आणि हल्ली परदेशातल्या लेकासुनांकडं निघालेल्या आयाबाया येतात. या आयाबायांना मी एक गोष्ट दर वेळी समजावते. विमानाच्या तिकिटावर निघायची वेळ असते ती निघायच्या गावच्या घड्याळाची, आणि पोचायची वेळ असते ती पोचायच्या गावच्या घड्याळाची. हे कळलं नाही की माणूस फसतो. अमेरिकेहून परत येतानाचं तिकीट बघून एक मावशी माझ्यासमोर रडायलाच लागल्या होत्या. शनिवारी निघून सोमवारी पोचणार म्हणजे दोन दिवस बसून राहायचं, माझ्या गुडघ्यांचं काय होईल गं? मी त्यांना पाणी दिलं, बोटांवर मोजून दाखवलं. आपल्याकडं रविवार उजाडतो तेव्हा तिकडं शनिवारची संध्याकाळ असते, मावशी. तो एक दिवस नुसता कागदावरचा. तारखा मोजू नका, तास मोजा.

तारखा मोजू नका, तास मोजा. शिरूरमध्ये कुणालाही विचारा, हे वाक्य सुमनताईचं आहे. लक्षात ठेवा हं, पुढं लागेल.

माझा धाकटा भाऊ बाळू कॅनडात असतो, टोरांटोला. तिथून दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर. थेट विमान असलं की तेरा-चौदा तास. दिल्लीहून पुणे दोन तास. लोहगावहून गाडी केली की सोलापूर रोडनं पहाटेच्या वेळी आमचं गाव कितीसं? रात्रीचं विमान पकडलं तर त्याला घरी यायला एक दिवस लागतो. मधली बसाबस धरून एक दिवस, त्याच्या वर फार नाही.

आणि गावाला मात्र ठाऊक होतं की दोन दिवस लागतात. का, तर एका दिवाळीला तो शनिवारी निघाला आणि सोमवारी दारात आला. निघताना त्यानं विमानतळावरून बाईला फोन केला होता, बाईनं तो स्पीकरवर टाकून सगळ्या आळीला ऐकवला होता. शनिवारी निघालो म्हणाला, आणि आला सोमवारी. आळीनं मोजलं. त्या वेळी मी हसले होते आणि समजावायचा कंटाळा केला होता. एवढंच. तो कंटाळा म्हणजे काही पाप नव्हे. पाप पुढं आहे.

बाई म्हणजे आमची आई. आमच्या घरात आईला बाईच म्हणतात. वडील गेल्यावर ती गावातच राहिली, शिरूरला माझ्याकडं यायला तयार नव्हती. मग मीच शनिवार-रविवार जायची. स्कूटीवर न्हावरा, पारगाव, केडगाव, भीमेच्या पुलावर वारा असा यायचा की पदर खोचूनही आवरायचा नाही. औषधं न्यायची, डबे न्यायचे, तिचं डोकं धुवायचं. मी जायची म्हणून बाईनं कधी दार उघडून वाट बघितली नाही. सुमन काय, येणारच. शनिवार आहे म्हटल्यावर येणार.

वाट बघायची ती बाळूची. लोहगावला उतरणारी विमानं आमच्या गावावरून खाली यायला लागतात. आवाज आला की बाई हातातलं काम टाकून अंगणात यायची, कपाळाला आडवा हात धरायची. "आला का गं?" थट्टेनं म्हणायची, मीही थट्टेनंच म्हणायची, हो, खिडकीतून हात करतोय बघ. तिला पक्कं माहीत होतं की तो त्यात नाही. तरी ती बाहेर यायचीच. मी पोळी लाटत असायची आणि विमान पार लहान होईपर्यंत ती आत यायची नाही. हळूहळू मला तो आवाज नकोसा झाला. शिरूरला दुकानात बसलेली असले आणि वरून विमान गेलं तरी माझे दात दातांवर बसायचे. तिकिटं विकून पोट भरणारी बाई मी, आणि विमानाचा आवाज ऐकवत नाही. हसाल तुम्ही.

मग बाईनं अंथरूण धरलं. मी दुकान हाताखालच्या पोरीवर टाकून गावाला राहायला गेले. सगळं अंथरुणात. ते करताना मला कधी किळस आली नाही, हे खरं सांगते, आईचं करताना कसली किळस. पण एके दुपारी मी तिचे पाय पुसत होते. वरून विमान गेलं. बाईनं डोळे उघडले आणि माझा हात घट्ट धरला. किती जोर होता त्या हातात! तोंडावर असं काही उजळलं म्हणता — ते तोंड मी माझ्यासाठी कधी बघितलं नव्हतं, जन्मात नाही. म्हणाली, "बाळू, आलास?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. मी हाय, सुमन."

बाईनं माझा हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिला समजत नव्हतं, हे मला कळत होतं. भ्रमात होती. पण तुम्ही सांगा, भ्रमातसुद्धा माणूस कुणाचं नाव घेतं? मी त्या फडक्यानं तिचा राहिलेला पाय पुसला. बाहेर जाऊन फडकं धुतलं. ते पिळता पिळता माझ्या मनात आलं — येऊच नये तो. येऊच नये त्यानं वेळेवर. असं मनात आलं, आणि मी फडकं दोरीवर वाळत टाकलं. मला वाटलं, वैतागलेलं मन आहे, काहीही म्हणतं. गेलं ते मनातून.

गेलं नव्हतं.

बाई एका रविवारी गेली, नुकतं उजाडत होतं तेव्हा. मी बाळूला फोन केला. तिकडं शनिवारची संध्याकाळ. तो म्हणाला, "ताई, रात्रीचं विमान आहे. उद्या सकाळी चहाच्या वेळेला घरी पोचतो. तेवढं थांबवून ठेव. मला तोंड बघू दे." मी म्हटलं, बघते. ठेवते, असं म्हटलं नाही. बघते म्हटलं. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच माझं ठरलेलं असणार.

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. जाळायचं असलं तरी मातीच. माणूस गेलं की पहिला प्रश्न — माती किती वाजता? तसं अंगण भरलं आणि सगळ्यांनी दशरथ आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, भावकीत सगळ्यात थोरले, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. माणूस सरळ, पापभीरू. केडगावला बर्फाची पेटी भाड्यानं मिळते, एक रात्र देह राहतो तीत, हे आप्पांना माहीत होतं. चुलतभाऊ म्हणालासुद्धा, आणू का पेटी, टेम्पो आहे. आप्पा म्हणाले, बाळू कधी पोचतो त्याच्यावर आहे. एका रात्रीचा प्रश्न असेल तर मी स्वतः आणतो. थोरला लेक काय आणि एकुलता लेक काय, त्याला तोंड दाखवल्याबिगर उचलायचं नाही.

मग त्यांनी मला दारात बोलावलं. मी बाईच्या उशाशी बसले होते, उठून आले.

आप्पा बोटांवर मोजत होते. म्हणाले, "दिवाळीला आला तवा शनवारी निघाला आन् सोमवारी उतरला. म्हंजी दोन दिस. आज ऐतवार. आज निघाला तर मंगळवार उजाडंल. व्हय ना, सुमन?"

बघा हं. मी काही बोलायची गरजच नव्हती. हिशोब त्यांनी केला होता. चुकीचा केला होता, पण मनापासून केला होता, आणि आता फक्त माझ्याकडं बघत होते, कारण तिकिटांतलं कळणारी त्या अंगणात मी एकटी. आज निघाला तर, असं ते म्हणाले. पण आज रविवार होता तो आमचा. बाळूकडं शनिवार होता. तो शनिवारीच निघणार होता आणि सोमवारीच पोचणार होता, दिवाळीसारखाच, आणि सोमवार म्हणजे उद्या होता. एक वाक्य होतं. अनोळखी मावशीला पाणी देऊन देऊन समजावलेलं वाक्य. तारखा मोजू नका आप्पा, तास मोजा.

किती वेळ गेला असेल? आप्पांच्या हाताची दोन बोटं अजून वर होती. आत बाई होती. मला तिचं ते भिंतीकडं केलेलं तोंड दिसलं. मी म्हटलं —

"व्हय."

एवढंच. एक शब्द. त्याला खोटं म्हणायचं की नाही, यावर मी कितीतरी दुपारी दुकानात बसून स्वतःशी वाद घातलाय. खोटंच ते. दुसरं काही नाही.

आप्पा खाली बसले. मग म्हणाले, दोन दिस न्हाई ठिवता येणार, उन्हाचं दिवस हायेत, बाईचं हाल होत्याल. माती चार वाजता. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी घराच्या मागं गेले आणि बाळूला फोन लावला. म्हटलं, भावकी थांबायला तयार नाही रे. मी खूप सांगितलं. आप्पा ऐकत नाहीत. पेटीची पण सोय नाही. आता धावत येऊन उपयोग काय, दहाव्याला नीट ये, मी तिकीट बघते. हे सगळं मी न अडखळता बोलले. दुकानात गिऱ्हाईकाशी बोलतात तसं. तो म्हणाला, एक रात्र पण नाही? मी म्हटलं, एक रात्र पण नाही.

चार वाजता प्रश्न आला, मडकं कोण धरणार? पुतण्यांची नावं निघाली. आप्पा म्हणाले, सुमन धरंल, तिनं केलंय सगळं. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मडकं माझ्याकडं दिलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. नदीकाठापर्यंत मी पुढं आणि बाई मागं. माझ्यावर नजरा होत्या, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आज तू माझी. भिंतीकडं तोंड करून दाखव आता — असंसुद्धा मनात आलं. माझ्याच आईला मी हे म्हणत होते, ती तिरडीवर असताना.

चुलतभावानं फोन वर धरला होता, बाळूला दिसावं म्हणून. मी पेटवलं आणि मागं वळले तर समोर फोनचा पडदा. बाळू त्याच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. तिकडं सकाळ होती. अंगात जॅकेट, पायात बूट, शेजारी बॅग उभी. म्हणजे रात्रभर तो तसाच बसला होता. विमान निघून गेलं तरी बूट काढले नव्हते.

आठव्या दिवशी तो आला. दारात माझ्या पाया पडला. म्हणाला, ताई, तू होतीस म्हणून बाईचं नीट झालं, मी काहीच केलं नाही, मला माफ कर. आणि मी — ऐका — मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जाऊ दे रे, मनाला लावून घेऊ नकोस. मी त्याला माफ केलं.

दहाव्यापर्यंतचे ते दिवस मी डोळ्यांत तेल घालून काढले. बाळू आणि आप्पा दोघं एकटे कुठं बसू नयेत, एवढं एकच काम. एक जण ओसरीवर दिसला की मी चहा घेऊन हजर. फारसं करावंही लागलं नाही म्हणा. बाळू रागानं त्यांच्याकडं बघत नव्हता, आणि आप्पा शरमेनं बाळूकडं. घाटावर मला वाटलं होतं, पिंडाला कावळा शिवणार नाही. ठेवला आणि लगेच शिवला. सगळे म्हणाले, बाईची इच्छा राहिली नाही, लेकीनं सगळं पुरवलं. मला मात्र घाम फुटला. कावळा थांबला असता तर निदान कुणीतरी विचारलं असतं, काय राहिलं म्हणून.

इथं संपलं असतं तर कदाचित मी हे पोटातच ठेवून मेले असते. पण संपलं नाही. आमच्या गावात तो नियम झाला. परदेशातल्या लेकरासाठी माती थांबवायची नाही, विमानाला दोन दिस लागतात, सुमनलाच विचारा.

दोनेक वर्षांनी आळीतली शकूकाकू गेली. तिचा प्रशांत जर्मनीत. सकाळी आप्पांचा फोन दुकानात आला. म्हणाले, पोरगं येतो म्हणतंय, पण दोन दिस लागत्यात न्हव? माझ्यासमोर कॉम्प्युटर चालू होता. दुपारचं विमान तिथून निघून मध्यरात्री मुंबईला उतरत होतं, आठ-नऊ तासांचा प्रवास, सकाळी पोरगं घरी. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की जर्मनी जवळ आहे, आप्पा. कॅनडाचं वेगळं, जर्मनीचं वेगळं. माझं बिंग न फुटता मला खरं बोलता येत होतं. पण जे एकदा गिळलंय त्याच्या आसपासचंही तोंडातून निघत नाही. मला वाटलं, एक तास कमी सांगितला तर आप्पा सगळेच तास मोजायला बसतील. मी म्हटलं, हो, धरा तेवढे.

काकूची माती संध्याकाळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांत आला. त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं, सरळ निघाला होता. बॅग खांद्याला तशी, तो स्मशानात गेला तेव्हा राख अजून गरम होती. तिथं बसून त्यानं जो हंबरडा फोडला तो नदीपलीकडं ऐकू गेला म्हणतात. मी तिथं नव्हते. मी दुकानात होते.

तासाभरात आप्पांचा फोन आला. "सुमन, ह्यो एका रातीत कसा आला गं?"

मी म्हटलं, "जर्मनी जवळ आहे, आप्पा."

आदल्या दिवशी घशाशी अडकलेलं वाक्य आता कसं घडाघडा आलं! आप्पा बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पण त्या दिवसापासून आप्पा बदलले. मी गावाला गेले की काठी टेकत यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि मग हळूच विचारायचे. बाळूकडं आता किती वाजले असतील गं? आपण जेवतो तवा तिकडं काय असतं? एकदा तर मी चहा गाळत होते आणि ते पाठीमागून म्हणाले, आपल्याकडं दिस आधी उजाडतो का त्यांच्याकडं? मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला या वयात कशाला त्या चौकशा? ते म्हणाले, आसंच. मग गावाला जायचं मी कमी केलं. घर बंद आहे, काय करायचं जाऊन, असं सगळ्यांना सांगितलं.

या वर्षी आप्पांनी अंथरूण धरलं आणि माझ्या नावानं निरोप आला. सकाळची वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, सून बाहेर भांडी घासत होती. आप्पा अगदी वाळून गेले होते, पण डोळे स्वच्छ. मला म्हणाले, बस. वरून विमान गेलं. ते आवाज जाईपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "बाई गेली त्या दिशी तिकडं वार कंचा व्हता गं?"

मी म्हटलं, "आठवत न्हाई, आप्पा."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं की काहीच नाही, मला अजून सांगता येत नाही. म्हणाले, "म्या ऐतवारपासनं मोजलं. मोजायचं माझंच चुकलं आसंल. बाळूला सांग, आप्पाचं चुकलं. घाई झाली माझी."

किती सोपं करून दिलं होतं त्यांनी! मी त्यांचा हात धरून म्हणू शकले असते, नाही आप्पा, तुम्ही विचारलं होतं, मी होय म्हटलं. ते मरायला टेकलेले, कुणाला सांगणार होते? मी म्हटलं, बरं, सांगते. आप्पांनी डोळे मिटले.

आणि मी सांगितलं. त्याच संध्याकाळी बाळूला फोन केला आणि म्हटलं, आप्पा फार आजारी आहेत, त्यांना वाटतंय त्यांचं चुकलं, तुला यायला दोन दिवस लागतील असं त्यांनी धरलं होतं.

बाळू म्हणाला, "पण ताई, मी तर तुला उद्या सकाळी पोचतो म्हणून सांगितलं होतं. तू त्यांना बोलली नव्हतीस?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी तो प्रश्न विचारला होता. तोही त्यानं. उत्तर तयार नव्हतं असं नाही, खरं उत्तर अगदी ओठांवर होतं.

मी म्हटलं, "बोलले होते रे. त्यांनी ऐकलं नाही."

तो म्हणाला, बरं.

आप्पा आठवडाभरात गेले. बाळूनं त्यांच्या घरी फोनसुद्धा केला नाही. आप्पांचा लेक मला म्हणाला, बाळूदादाला कळवलं का? मी म्हटलं, कळवलंय, तो कामात असेल.

तर हे असं आहे. बाईनं भिंतीकडं तोंड केलं होतं म्हणून मी ते केलं, असं मी वर कुठंतरी म्हटलं असेल. ते खोडा. भ्रमातल्या म्हातारीनं कूस बदलली होती, त्यापलीकडं त्यात काही नव्हतं. त्या अंगणात आप्पांची दोन बोटं वर होती, बाळू एका रात्रीवर होता, आणि तिकडं शनिवार होता हे मला ठाऊक होतं.